फॉरमॅट मारण्याआधी

रात्रीपर्यंत नीट चालणारा संगणक सकाळी अपडेटनंतर सुरूच होत नाही. किंवा ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकल्यापासून स्क्रीन सारखी निळी पडते. दुरुस्तीला नेला, की ठरलेलं उत्तर मिळतं : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ अनेकदा याची गरजच नसते. बिघाडाआधीच्या स्थितीत परत जाण्याची सोय विंडोजमध्ये २००० सालच्या ‘एमई’ आवृत्तीपासून आहे. तिचं नाव सिस्टम रिस्टोर.

सुरुवात अडखळतच झाली. ८ सप्टेंबर २००१ नंतर एमईमधल्या रिस्टोर पॉइंटवर, म्हणजे परत जाण्यासाठी राखलेल्या स्थितींवर, चुकीच्या तारखा पडू लागल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्यावर दुरुस्ती द्यावी लागली. व्हिस्टा आवृत्तीपासून तर कामाची रीतच बदलली, आणि ती मोठी हुशारीची आहे. रिस्टोर पॉइंट घेताना अख्ख्या डिस्कची नक्कल होत नाही, म्हणून तो झटपट तयार होतो. पुढे डिस्कच्या एखाद्या भागावर नवं लिहायची वेळ आली, की आधी तिथला जुना मजकूर राखीव जागेत जातो आणि मगच नवा लिहिला जातो. मागे जायचं म्हटलं, की याच साठ्यातून सिस्टमच्या फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगची वही, पूर्ववत होते. मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम निघून जातात. कोणते जाणार, ते ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’वर क्लिक करून आधी पाहता येतं.

तुमचे फोटो, पत्रं, हिशेब यांना धक्का लागत नाही. पण म्हणूनच चुकून पुसलेला फोटोही याने परत येत नाही! हा बॅकअप नव्हे. मे २०१७मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्याच, शिवाय विंडोजने राखलेल्या या जुन्या प्रतीही पुसून टाकल्या. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच.

विंडोज उघडतच नसेल, तर रिकव्हरी स्क्रीनवरच्या ‘ट्रबलशूट’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधूनही रिस्टोर करता येतं. मात्र डिस्कला बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनचं कुलूप असेल, तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा उपाय होता एक फाइल काढण्याचा, पण ही की हाताशी नसल्याने कित्येक ठिकाणी तेवढंही अडून राहिलं. ती कागदावर उतरवून ठेवा.

बऱ्याच संगणकांवर सिस्टम रिस्टोरची सोय मुळात बंदच असते. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’मध्ये संरक्षण चालू करा आणि ड्रायव्हर किंवा मोठं सॉफ्टवेअर टाकण्याआधी दरवेळी नवा पॉइंट घ्या. जुन्या पॉइंटवर विसंबून राहू नका : विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५च्या अपडेटपासून ते जास्तीत जास्त ६० दिवसच राखले जातात.