जुनी गाडी ठेवायची असेल तर

नव्या गाडीसाठी 8 लाखांचे कर्ज, 9 टक्के व्याज, 7 वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता बसतो सुमारे 12,870 रुपये आणि नुसते व्याजच जाते 2 लाख 80 हजारांच्या घरात. सर्वसाधारण छोट्या गाडीचा क्लच, शॉकअब्सॉर्बर, चारही टायर आणि बॅटरी बदलूनही यातले बरेच पैसे उरतात.

15 वर्षे झाली की गाडी भंगारात, हा समज चुकीचा आहे. खासगी गाडीची आरटीओत तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. महाराष्ट्रात सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्लीचे नियम वेगळे, ते इथे लागू नाहीत.

इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला तो बदलाच. यात चालढकल नको. चालत्या गाडीत तो तुटला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि हेड उतरवावे लागते. बेल्टबरोबर टेन्शनरही बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.

गाडीचा खरा शत्रू गंज, त्यातही कोकणपट्टीत. पावसाळा सरला की पायाखालची मॅट उचलून पत्रा पाहा, जॅक लावायच्या जागा अंगठ्याने दाबून बघा. वरवरचा तांबूस थर घासून रंगवता येतो. पण पत्रा दबला, पापुद्रे सुटले, तर इंजिन कितीही चांगले असो, त्या गाडीत आणखी पैसे घालू नका.