हृदयाची शिल्लक

सर्व शरीरास रक्त पुरविणाऱ्या हृदयाला स्वतःपुरतें रक्त कोठून मिळतें? त्याच्या पोकळींत रक्त सदैव खेळत असलें, तरी त्याच्या जाड स्नायूंचें पोषण होतें तें पृष्ठभागावरून गेलेल्या, तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या रोहिण्यांकडून.

या रोहिण्या मोठ्या फसव्या असतात. एखादी निम्मी चिंचोळी झाली, तरी स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या हृदयास ती पुरेसें रक्त देत राहते. कारण पुढील सूक्ष्म वाहिन्या सैल होऊन तूट भरून काढतात. घरची शिल्लक सरत आल्याचें जसें लग्नकार्य निघाल्यावर उघडकीस येतें, तशी ही उणीव जिना चढतांना प्रकट होते.

ही शिल्लक हृदयापर्यंत नळी न घालतां मोजतां येते. येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या स्वरांत व दूर जाणाऱ्या गाडीची उतरत्या स्वरांत ऐकूं येते. या स्वरभेदामागील तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर यांनीं १८४२ सालीं प्राग येथें मांडलें. पुढें १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हर्ट्झ यांनीं, मानवी कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीच्या साह्यानें हृदयाची हालचाल टिपली. आज या दोहोंचा संगम झाला आहे. छातीवर ठेवलेल्या यंत्रांतून निघालेला ध्वनि रक्तांतील तांबड्या पेशींवर आपटून परततो, आणि त्याच्या स्वरांतील फरकावरून प्रवाहाचा वेग कळतो.

प्रथम विश्रांतीच्या स्थितींतील वेग मोजतात. नंतर दंडाच्या शिरेंतून अॅडेनोसिनसारखें औषध देऊन सूक्ष्म वाहिन्या पूर्ण सैल करतात व वेग पुन्हा मोजतात. तो दुपटीहून बराच अधिक भरला, तर शिल्लक चांगली. दुपटीपर्यंतही न पोंचल्यास शंकेस जागा राहते.

या परीक्षेस मर्यादा आहेत. हृदयाच्या दर्शनी बाजूची डावी रोहिणी तिला चांगली सांपडते. इतर रोहिण्या सहजासहजीं हातीं लागत नाहींत. शिवाय दोष मोठ्या रोहिणींत आहे कीं सूक्ष्म वाहिन्यांत, हें केवळ या आंकड्यावरून ठरत नाहीं; त्यासाठीं अन्य तपासण्यांची जोड लागते.

तथापि एवढें खरें कीं, बसल्या जागीं कांहीं दुखत नाहीं, ही हृदय निरोगी असल्याची खूण नव्हे. श्रमानें छातींत कळ येत असेल, तर ती वयाच्या माथीं मारून स्वस्थ न बसतां वैद्यास सांगणें हेंच शहाणपणाचें होय.