शिडाच्या होडीला बॅटरी किती हवी?

न्यूझीलंडचा कॉनराड कोलमन २४ फेब्रुवारी २०१७ रोजी फ्रान्सच्या बंदरात परतला, तेव्हा त्याच्या होडीची डोलकाठी मोडलेली होती. उरलेले अंतर त्याने कामचलाऊ शीड उभारून कापले. ‘वांदे ग्लोब’ ही एकट्याने, कुठेही न थांबता करायची पृथ्वीप्रदक्षिणा त्याने ११० दिवसांत पूर्ण केली. या शर्यतीत खनिज इंधन न जाळता पोहोचलेला तो पहिलाच. लागणारी वीज त्याला सूर्यप्रकाशातून आणि होडीबरोबर पाण्यात ओढल्या जाणाऱ्या जनित्रातून मिळाली.

मग सहलीच्या होडीतलेही डिझेल इंजिन काढून टाकावे का? घाई नको. कोलमनची होडी वाऱ्यावर धावत होती. वीज मुख्यतः उपकरणांसाठी होती. सहलीच्या होडीला मात्र वारा पडल्यावर घरी परतायचे असते.

हिशेब सोपा आहे. दहा मीटर लांबीच्या होडीला ताशी चार सागरी मैल वेगासाठी ढोबळमानाने अडीच किलोवॉट शक्ती लागते. वेग सहा मैलांवर नेला, तर आठ किलोवॉटहून अधिक. वेग दीडपट, पण शक्ती तिपटीहून जास्त! दहा युनिटची लिथियम बॅटरी साधारण शंभर किलोची असते. त्यातील आठ युनिट वापरली, तर सावकाश जाऊन बारा-तेरा सागरी मैल, म्हणजे बावीस ते चोवीस किलोमीटर गाठता येतात. घाई केली तर त्याच्या निम्मेही नाहीत. उलट, वीस लिटर डिझेलचे वजन सतरा किलोच्या आसपास. इंजिनात बरीच उष्णता वाया जाऊनही त्यातून साठ युनिटइतके काम मिळते.

म्हणून संकरित पद्धत. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात डिझेल जनित्र फक्त वीज बनवते आणि प्रोपेलर मोटर फिरवते. मांडणी सोयीची, पण ऊर्जेचे रूप बदलताना प्रत्येक वेळी थोडी गळती होते. तासन्‌तास मोटरवर जाणाऱ्याचे डिझेल यात फारसे वाचत नाही. दुसऱ्यात इंजिन आणि मोटर दोन्ही प्रोपेलरला जोडलेले असतात. बंदरात शांत मोटर, लांबच्या पल्ल्याला इंजिन. एक बंद पडले तर दुसरे हाताशी.

शिडावर धावताना पाण्याने प्रोपेलर फिरवून बॅटरी भरता येते. पण सहलीच्या वेगाला त्यातून सहसा काहीशे वॉटच मिळतात आणि होडी थोडी मंदावते. दिवे, फ्रिज यांना हातभार लागतो, एवढेच.

तेव्हा मोटरची किंमत विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : वारा पडला आहे, ओहोटी खडकांकडे ओढते आहे, अशा वेळी किती तास, किती जोराने होडी रेटावी लागेल? तासाभराचे काम असेल, तर बॅटरी पुरेल. रात्रभराचे असेल, तर डिझेल सोबत हवेच.