ऑपरेशन झालेल्या कुत्रीची जखम कशी पाहावी?

मळ्यातली कुत्री रात्रभर गोठ्याची आणि खळ्याची राखण करते. पण ती साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, आणि दर खेपेला झालेली चार-सहा पिल्ले सांभाळायची कोणी, हा प्रश्न पडतो. म्हणून आता काही शेतकरी तिचे पिल्ले बंद करण्याचे ऑपरेशन करून घेतात. त्यात पोट उघडून बहुधा गर्भाशय व बीजांडकोश काढतात. वरून चीर लहान दिसली तरी आत स्नायूंनाही टाके असतात. डॉक्टरांचे काम थोड्या वेळात संपते. पुढचे दहा ते चौदा दिवस घरच्यांनी सांभाळायचे असतात.

पहिल्या दिवशी भुलीची गुंगी असते. कोरड्या, उबदार जागी जमिनीवरच धुतलेले जुने लुगडे अंथरून तिला निजवावे. खाटेवर ठेवू नये. पुरती शुद्धीवर आल्यावर थोडे थोडे पाणी व नंतर थोडा मऊ भात द्यावा.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहावी, आणि रोज एकाच ओळखीच्या माणसाने पाहावी. बोट लावू नये. पहिले दोन-तीन दिवस किंचित लाली व सूज असते. पहिल्या दिवशी रक्तमिश्रित पाण्याचा एखादा थेंबही दिसतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. पुढे सूज उतरत जाते आणि कडा कोरड्या, जुळलेल्या दिसतात. एकच खूण ध्यानात ठेवावी : आजची जखम कालच्यापेक्षा बरी दिसली पाहिजे.

सूज वाढली, जखम गरम लागली, पू किंवा घाण वास आला, टाका तुटून फट पडली, तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्यावे. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला किंवा दुसऱ्या दिवशीही ती खाईना, तरीही दाखवावे. रक्त थांबत नसेल, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या असतील, पोट फुगून ती मलूल झाली असेल, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. चिरेतून आतडे बाहेर आले तर ते आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून तडक डॉक्टरांकडे न्यावे.

कुत्री जखम चाटते आणि टाके ओढते. त्यासाठी डॉक्टरांकडून गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर घ्यावी, नाहीतर सुती बंडी चढवावी. बंडी ओली झाली की बदलावी. माश्या बसू देऊ नयेत. पावसाळ्यात तर जखमेत लवकर अळ्या पडतात. म्हणून उकिरडा आणि शेणापासून तिला दूर ठेवावे.

हळद, चुना, राख, रॉकेल यांतले काहीही जखमेवर लावू नये. घरातली माणसांची दुखण्याची गोळीही देऊ नये. तिला ती विषासारखी बाधू शकते. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र सांगितले तितके दिवस पुरे करावे.

घरातल्या बाईचे पोटाचे ऑपरेशन झाले तर आपण तिला घागर उचलू देत नाही. तोच न्याय इथेही लावावा. टाके निघेपर्यंत धावणे, बांधावरून उड्या आणि अंघोळ बंद. टाके विरघळणारे आहेत की काढावे लागतील, हे ऑपरेशनच्या दिवशीच विचारून घ्यावे. जखम पुरती भरली, असे डॉक्टरांनी सांगितल्यावरच तिला पुन्हा राखणीला सोडावे.