फर्डिनंड आणि एव्हेलिना: आधी रुग्णालय, मग महाल

मंडळी, रॉथ्सचाइल्ड म्हटलं की आपल्याला आधी पैसाच आठवतो. सावकारी पेढ्यांचं घराणं ना! आज आपण त्यातल्या एका छोट्या संसाराकडे बघू.

फर्डिनंड व्हिएन्नाच्या शाखेतला, एव्हेलिना लंडनच्या. दोघं नात्यातलीच; भांडवल घरातच राहावं म्हणून या घराण्यात अशी लग्नं नेहमीची. १८६५ मध्ये लग्न झालं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८६६ मध्ये, एव्हेलिना बाळंतपणात गेली. बाळही वाचलं नाही. इतक्या श्रीमंत घरात, बरं का! त्या काळी बाळंतपणाच्या संकटापुढे पैसाही हतबल होता.

मग फर्डिनंडनं काय केलं? १८६९ मध्ये लंडनच्या साउथवर्क या गरीब भागात आजारी मुलांसाठी तिच्या नावानं रुग्णालय उघडलं. वॉडेस्डनचा प्रसिद्ध महाल नंतरचा. त्याची जमीनच १८७४ मध्ये घेतलेली. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. बहीण ॲलिस त्याचं घर सांभाळायची. १८९८ मध्ये तो गेला, तेव्हा वेस्ट हॅमच्या ज्यू दफनभूमीत पत्नीशेजारीच त्याला जागा मिळाली.

महाल बघायला आज पर्यटक जातात. पण लंडनमधल्या मुलांच्या रुग्णालयावर एव्हेलिनाचं नाव अजून आहे. तेव्हा क्रम आपण लक्षात ठेवूया: आधी रुग्णालय, मग महाल.