प्राध्यापकाच्या कामाचा सात-बारा

खुटबाव स्टेशन सोडून गाडी दौंडकडे निघाली की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्तिमिशन या केडगावचंच. रमाबाई 1878 साली कलकत्त्यास गेल्या, तेव्हा त्यांच्याजवळ कुठल्याही विद्यापीठाचा कागद नव्हता. तिथल्या विद्वानांनी समोर बसवून त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तपासणारांना विषय येत होता, म्हणून ते जमलं.

आज कॉलेजातल्या प्राध्यापकाला बढती हवी असेल तर आपल्या कामाची फाईल सादर करावी लागते. शेतकरी मंडळींना हे नवं वाटू नये. रान कोण कसतो हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. पण सात-बाऱ्यावर पिकाची नोंद नसेल, तर कर्जाच्या वेळी गावाची साक्ष कामी येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे कॉलेजात 'प्रोफेसर' या पदावर जायला पीएच.डी.बरोबर किमान 10 शोधनिबंध आणि 110 गुण लागतात. भाषा विषयात एका निबंधाला 10 गुण, विज्ञानात 8. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला सत्तर टक्के. अनुवादित पुस्तकाला 8. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, त्यात कितीतरी वर्षं घातली आणि 1922 साली मृत्यूपूर्वी ते काम पुरं केलं. या तक्त्यात त्याला 8 गुण, म्हणजे मराठीतल्या एका निबंधापेक्षा दोन कमीच! मोजणं आणि तोलणं यांत फरक आहे, तो असा.

गुण मोजले जातात म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं निघाली. पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हा प्रकार 2018 साली पुराव्यानिशी दाखवला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने आपल्या यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली. पुढे 'केअर' नावाची यादी आली. 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. नियतकालिक चांगलं की वाईट, हे आता ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवायचं.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, नुसतं निबंधाचं कात्रण ठेवून भागणार नाही. अंकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि संपादक मंडळाचं पान ठेवा. त्या तारखेला ते यादीत होतं, याची प्रत ठेवा. आणि परीक्षकाने काढलेल्या चुकांचं पत्र तर मुळीच फाडू नका! लोक लाजेने ते फाडतात. पण आपलं लेखन कुणी जाणत्याने तपासलं होतं, याचा त्याहून पक्का पुरावा दुसरा नाही. नियतकालिक बंद पडतं, संपादक गाव बदलतो, दहा वर्षांनी विचारायचं कुणाला? पहिल्या तपासणीत बढती नाकारली गेली आणि पुढे मिळाली, तर ती त्या नंतरच्या तारखेपासूनच धरतात. मधली वर्षं गेली ती गेलीच.

हे झालं छापील कामाचं. गावात बसून केलेलं काम तर त्याहून लवकर हरवतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्यातून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव टिपलेलं आहे. काम कुणी केलं, हे बोलताना आधी ती बाई येते, मग गोळा करणारे.

तेव्हा यवतला किंवा खुटबावला एखाद्या आजींकडून ओव्या उतरवून घेतल्यात, तर त्याच दिवशी वहीत त्यांचं नाव, गाव आणि तारीख लिहा. छापायला त्यांची परवानगी विचारा, आणि छापून आल्यावर एक अंक त्यांच्या घरी नेऊन द्या. दुसरा फाईलीला लावा.