परिरक्षकांची ॲलर्जी: झटका ओसरल्यानंतर

पदार्थ टिकावा, त्याचा रंग खुलावा किंवा चिरलेली फोड काळी पडू नये म्हणून अन्नात जी द्रव्ये मिसळतात त्यांना अन्नयोजके म्हणतात. बहुसंख्यांना ती बाधत नसली, तरी मोजक्या काहींच्या शरीरात ती मिनिटांत जीवावर बेतणारी प्रतिक्रिया घडवतात. अंगावर गांधी उठणे, ओठ व घसा सुजणे, श्वास अडकणे आणि रक्तदाब कोसळणे अशा या प्रतिक्रियेच्या उग्र रूपाला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हे नाव शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये दिले आणि त्या संशोधनासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

योजकांतील सर्वांत बदनाम गट सल्फाइटांचा असून महाराष्ट्रातील घरांना तो नवा नाही. लिंबाचे किंवा आंब्याचे स्क्वॅश वर्षभर टिकावे म्हणून त्यात जी चिमूटभर ‘केएमएस’ पावडर घालतात ती पोटॅशियम मेटाबायसल्फाइट होय. ती रंग उडवते, म्हणूनच कोकम किंवा जांभळाच्या सरबतात तिच्याऐवजी सोडियम बेंझोएट वापरण्याची पद्धत आहे. पिवळ्या मनुकांना दिलेली गंधकाची धुरी आणि गूळ उजळ दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांत वापरली जाणारी हायड्रोस पावडर हीदेखील याच कुळातली. आंबट पदार्थांत सल्फाइटापासून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, घास गिळताना तो श्वासनलिकेत जातो आणि दम्याच्या काही रुग्णांची नलिका तत्काळ आकसते. ही बहुतेक वेळा काटेकोर अर्थाने ॲलर्जी नसते, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेने आयजीई प्रतिपिंडे तयार करून केलेला हल्ला नसतो. गुदमरणाऱ्या रुग्णाला अर्थात या भेदाचे सोयरसुतक नसते. याउलट कोचिनील कीटकापासून मिळणाऱ्या कार्माइन या लाल रंगात कीटकाच्या प्रथिनांचे अंश राहतात आणि त्यांच्याविरुद्ध खरीखुरी ॲलर्जी उद्भवू शकते. अमेरिकेत सॅलडच्या भाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून सल्फाइट फवारले जाई. त्यातून गंभीर झटके व मृत्यू नोंदवले गेल्यावर १९८६ मध्ये कच्च्या खाण्याच्या फळांवर व भाज्यांवर त्याचा वापर बंद करण्यात आला.

अशा झटक्यातून वाचलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. वेळेवर उपचार मिळाल्यास शरीर बहुधा पूर्ववत होते. तरीही काही रुग्णांत पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी, क्वचित दोन-तीन दिवसांनीही, पुन्हा काही न खाता दुसरी लाट येते, म्हणून बरे वाटताच घरी जाण्याची घाई धोक्याची ठरते. मेंदूला प्राणवायू अपुरा पडण्याचा काळ लांबला तर स्मृती व हालचालींवर कायमचा परिणाम राहू शकतो, आणि ॲलर्जीत सुटणाऱ्या रसायनांमुळे हृदयाच्या रोहिण्या आकसून हृदयविकाराचा झटका येण्याचा प्रकारही वैद्यकाला ज्ञात आहे. १९९१ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या कौनिस या ग्रीक तज्ज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो.

याहून कितीतरी अधिक जणांना पोखरते ती भीती. लग्नाच्या पंगतीत बसणे टाळायचे, प्रवासात उपाशी राहायचे, छातीत जराशी धडधड होताच पुन्हा तेच सुरू झाले असे वाटून घाबरायचे, आणि मूल रुग्ण असेल तर आईने त्याला वाढदिवसालाही पाठवायचे नाही, अशी ही साखळी वाढत जाते. योजकांच्या बाबतीत ती अधिक घट्ट होते, कारण शेंगदाणा किंवा कोळंबी ताटात दिसते, योजक दिसत नाही. कारण निश्चित न झालेला रुग्ण मग एकेक पदार्थ सोडत जातो आणि कुपोषणाची वाट धरतो. अजिनोमोटोचे उदाहरण येथे बोलके आहे: १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातील पत्राने त्याच्याविषयी संशय पसरला, परंतु काय दिले हे रुग्णाला न सांगता केलेल्या चाचण्यांत तो सातत्याने सिद्ध झाला नाही, आणि भीती मात्र टिकून आहे. म्हणून रुग्णालयाच्या देखरेखीखाली संशयित द्रव्य अल्प मात्रेत देऊन केली जाणारी चाचणी हा निदानाचाच नव्हे, तर मनाच्या उपचाराचाही भाग मानला पाहिजे.

झटका आला त्या वेळी खाल्लेल्या पदार्थाचे वेष्टन जपून डॉक्टरांना दाखवावे. भारतात किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट असल्यास वेष्टनावर तसे नमूद करणे बंधनकारक असून, घटकांच्या यादीत ते २२० ते २२८ या क्रमांकांनीही ओळखता येते. सुट्या मनुका आणि गुळाच्या ढेपेवर मात्र असे काही छापलेले नसते. ॲनाफिलॅक्सिसवर पहिला उपचार मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिन हाच आहे, आणि त्याच्या अनेक इंजेक्शनांत परिरक्षक म्हणून किंचित सल्फाइट असले, तरी सल्फाइट न सोसणाऱ्या रुग्णालाही ते विनाविलंब द्यावे.